खर्ज कुठे ठेवायचा?

घरात येणारी प्रत्येक नवी वस्तू आपली जागा आधीच ठरवून आलेली असते. रेडिओ आला तो भिंतीवरच्या फळीवर चढला आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पडला. फ्रिज आला तो स्वयंपाकघरात मावेना म्हणून हॉलमध्ये उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू लागला. तो मावत नव्हता म्हणून बाहेर आला की दिसावा म्हणून, हा प्रश्न मध्यमवर्गीयांनी एकमेकांना विचारायचा नसतो. टीव्हीने तर साऱ्या घराची तोंडंच आपल्याकडे फिरवून घेतली. पण आमच्या घरात अलीकडे अशी एक वस्तू आली, की आपली जागा कुठली हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिला सबवूफर म्हणतात.

ज्यांच्या घरी हा प्राणी नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन करतो. सव्वा फूट लांब, तितकंच रुंद आणि तितकंच उंच असं एक काळं खोकं. पुढे जाळी, पाठीमागे मूठ जाईल एवढं भोक आणि भोकाच्या बाजूला दोन बटणं. वजन बारा किलो. गाणं चालू असताना त्याच्याजवळ कान नेला तर शब्द नाहीत, सूर नाहीत, नुसतं 'धुम्म, धुम्म'. घरात एखादा वडीलधारा माणूस असतो, संभाषणात भाग घेत नाही, पण मधूनमधून 'हुं' म्हणतो आणि त्या 'हुं'मुळे बाकीच्यांच्या बोलण्याला वजन येतं; तसं.

चिरंजीव बंगळूरला असतात. "बाबा, आयुष्यभर तुम्ही त्या डबड्या रेडिओवर गाणं ऐकलंत, आता नीट ऐका," असं म्हणून त्यांनी हा संच पाठवला. संचाचं नाव 'टू पॉइंट वन'. म्हणजे दोन पूर्णांक एक दशांश. खोकं उघडलं तर आत दोन छोटे स्पीकर निघाले, पोळीच्या डब्याएवढे. हे दोन पूर्णांक. आणि हा बारा किलोचा दगड म्हणजे तो एक दशांश! मी मुलाला फोन करून विचारलं की हिशेबात काही गडबड नाही ना. तो म्हणाला, "नाही बाबा, माणसाच्या कानाला सेकंदाला वीसपासून वीस हजारांपर्यंत कंपनं ऐकू येतात. त्यातली अगदी खालची थोडी, शंभर-सव्वाशेपर्यंतची, ती याच्या वाट्याची. काम थोडं म्हणून पॉइंट वन." काम सगळ्यांत थोडं आणि अंग सगळ्यांत मोठं. एकतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला यापुढे समजावून सांगावं लागत नाही.

अंग मोठं असण्यालाही कारण आहे. खालचा सूर काढायचा तर पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि पोळीच्या डब्याला तेवढी हवा ढकलता येत नाही. मागचं ते भोकही हवेसाठीच असतं. आमच्या कामवाल्या मावशींना मात्र ते पटलं नाही. "दादा, एवढं महागाचं आणि भोक पडलेलं दिलं तुम्हाला," असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी त्यात एक जुनं फडकं कोंबलं. "पाल जाऊन बसंल," हे त्यांचं स्पष्टीकरण. पुढे मॅन्युअल वाचताना कळलं, की जिथे खर्जाचा फार गदारोळ होतो तिथे भोकात बोळा घालावा असं खुद्द कंपन्याही सांगतात. मावशींनी मॅन्युअल वाचलेलं नव्हतं.

आता मुख्य प्रश्न, ठेवायचं कुठे. मॅन्युअलमध्ये याविषयी दोन वाक्यं होती. पहिलं असं, की अतिखालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे माणसाच्या कानाला कळत नाही, तेव्हा सबवूफर खोलीत कुठेही ठेवता येतो. दुसरं असं, की सबवूफर कुठे ठेवला आहे यावर सगळं अवलंबून असतं, तेव्हा जागा अत्यंत काळजीपूर्वक निवडावी. ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर होती. आणि गंमत म्हणजे दोन्ही खरी आहेत. साधारण ऐंशी कंपनांच्या खालच्या लाटा चौदा-चौदा फुटांहून लांब असतात, माणसाचं डोकं पडलं वीतभर. एवढ्या मोठ्या पाहुण्यापुढे डाव्या-उजव्या कानात फरक पडत नाही. त्यामुळे तो कुठे आहे ते कळत नाही; पण तो नको तिथे आहे हे मात्र लगेच कळतं.

"दिशा कळत नाही ना? मग माळ्यावर टाका," असं आमच्या कुटुंबाने सांगितलं. तर्काला तोड नव्हती. पण वायर माळ्यापर्यंत पोचत नव्हती.

पहिल्यांदा तो शोकेसजवळच्या कोपऱ्यात गेला. कोपरा ही या जातीची आवडती जागा. दोन भिंती आणि जमीन अशी तीन माणसं मागून ढकलायला मिळतात, त्यामुळे आवाज फुकटात वाढतो. वाढला तो इतका वाढला की शोकेस गाऊ लागली. आमच्या शोकेसमध्ये चार काचेची हरणं, एक ताजमहाल, मुलाचे बक्षिसाचे पेले आणि लग्नात आलेला, अजून एकदाही न वापरलेला टी-सेट आहे. प्रत्येक वस्तूचा एक स्वतःचा सूर असतो आणि तो सूर बाहेर कुठे वाजला की ती वस्तू आपण होऊन थरथरते, हे शाळेत शिकवलं होतं. पण शाळेत ते दोन नादकाट्यांवर शिकवलं होतं, टी-सेटवर नव्हे. तंबोऱ्याचा खालचा षड्ज लागला की ताजमहाल कुरकुरे, डग्ग्यावर मींड घेतली की सरकत्या काचा 'खर्रर्र' करत, आणि एका विशिष्ट क्षणी थेट स्वयंपाकघरातून 'टिंग' असं उत्तर येई.

इथे मला कुटुंबाच्या कानाविषयी नम्रपणे चार शब्द सांगितले पाहिजेत. मी तो 'टिंग' शोधायला डब्यामागून डबा उचलत होतो. ती सोफ्यावर भाजी निवडत होती. न उठता म्हणाली, "मांडणीतली दुसरी ओळ, डावीकडून तिसरी वाटी. तिचा काठ झाकणाला लागतोय." तसंच निघालं. पस्तीस वर्षं ज्या बाईने शेजारच्या खोलीतून दूध उतू जायच्या आधीचा आवाज ऐकला आहे तिला तज्ज्ञ म्हणायला कुठल्या पदवीची गरज नाही. त्या संध्याकाळी तिने कालनिर्णयाच्या जुन्या पानाच्या घड्या करून शोकेसच्या काचांत, वाट्यांखाली आणि ताजमहालाच्या बुडाशी सारल्या आणि घरातली सगळी साथसंगत बंद केली.

मग दुसरीच अडचण पुढे आली. माझ्या जागेवर बसलं की खर्ज गायब, आणि तिच्या जागेवर बसलं की छातीत धडधड. एकाच सोफ्यावर तीन फुटांच्या अंतरावर बसलेल्या नवरा-बायकोला निरनिराळं ऐकू येतं ही गोष्ट मला नवी नव्हती. पण तिच्यामागे पदार्थविज्ञान आहे हे नवं होतं. खोलीलाही सूर असतो म्हणे. आमचा हॉल चौदा फूट लांब. सेकंदाला चाळीस कंपनांचा जो आवाज, त्याची लाट सुमारे अठ्ठावीस फुटांची, म्हणजे बरोबर दोन हॉल. ती लाट दोन भिंतींच्या मध्ये सापडली की जागच्या जागी उभी राहते. भिंतींशी तिचा जोर आणि मधोमध शुकशुकाट. ठाणेकराला हे लोकलच्या उदाहरणाने चटकन कळेल. दोन्ही दारांशी माणसं लोंबकळताहेत आणि मधल्या पॅसेजमध्ये जागा आहे. माझी बैठक त्या पॅसेजमध्ये होती.

हे गाऱ्हाणं बंगळूरला गेल्यावर तिकडून जो उपाय आला तो ऐकून मला वाटलं मुलगा थट्टा करतोय. "बाबा, तुम्ही जिथे बसता तिथे सबवूफर ठेवा, गाणं लावा आणि मग तुम्ही जमिनीवर रांगत खोलीभर फिरा. जिथे खर्ज सगळ्यांत छान ऐकू येईल तिथे सबवूफर न्या आणि तुम्ही परत सोफ्यावर बसा." थट्टा नव्हती. ध्वनी देणारा आणि घेणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी पोचणारा आवाज तेवढाच राहतो, हा नियम ध्वनिशास्त्रात शंभर वर्षांहून जुना आहे. लॉर्ड रॅले यांनी १८७७-७८ मध्ये ध्वनीवर जे दोन खंड काढले त्यात तो मांडलेला आहे. रॅलेसाहेब स्वतः रांगले होते का याचा मात्र उल्लेख सापडत नाही.

तर रविवारी सकाळी साडेदहा वाजता माझ्या सोफ्यावर, माझ्या उशीला टेकून, तो काळा दशांश बसला होता आणि मी, वय वर्षे सहासष्ट, लेंगा सावरत फ्रिजच्या दिशेने रांगत होतो. दार उघडंच होतं. सोसायटीचे सेक्रेटरी सर्वसाधारण सभेच्या नोटिशीवर सही घ्यायला आले आणि उंबऱ्यावर थबकले.

"काही पडलंय का?"

"खर्ज शोधतोय," मी खालूनच म्हणालो.

सेक्रेटरी सज्जन गृहस्थ. त्यांनी नोटिशीची फाइल टेबलावर ठेवली, चष्मा नाकावर घट्ट केला आणि तेही खाली बसले. सोफ्याखाली पाहिलं, टीव्हीच्या मागे पाहिलं. दोन मिनिटांनी, "सोन्याचा आहे का हो?" असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. एवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातला तीन वर्षांचा नातू आला आणि दोन मोठी माणसं आपल्या पातळीवर आलेली पाहून त्याला मनापासून आनंद झाला. तिघे रांगत होतो. कुटुंब स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहत होतं, आणि त्या दृष्टीचं वर्णन मी करणार नाही.

खर्ज सापडला तो चपलांच्या स्टँडपासून दीड फुटावर. तिथे तो भरदार होता, पण घोंगावत नव्हता. मग बटणं. एका बटणाने दोन स्पीकरांनी कुठे थांबायचं आणि याने कुठून सुरू करायचं ती हद्द ठरवायची. आम्ही ती शंभरावर ठेवली. दुसरं बटण नुसतंच शून्य आणि एकशेऐंशी, मधे काही नाही. शून्यावर हा आणि स्पीकर एकाच वेळी हवा पुढे ढकलतात. एकशेऐंशीवर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. कधी कधी खोलीच्या रचनेमुळे उलटंच बरं लागतं, पण एरवी परिणाम असा, की दोघंही जीव तोडून काम करताहेत आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच नाही. सेक्रेटरींना हे लगेच समजलं. ते सोसायटीच्या सभा चालवतात.

जाताना त्यांनी कर्तव्य म्हणून खिशातून मोबाइल काढून आवाज मोजला. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असा सरकारी नियम आहे. मोबाइलने ४८ दाखवलं. खिडकीची काच थरथरत होती, पण मोबाइल ४८ वर ठाम. याचंही कारण आहे. सरकारी मोजणी माणसाच्या कानाच्या तऱ्हेने करतात, आणि कान खालच्या सुरांना जरा बहिरा असतो, म्हणून मोजताना चाळीस कंपनांच्या आवाजातून चौतीस-पस्तीस डेसिबल आधीच वजा होतात. एवढी सूट प्राप्तिकरातही मिळत नाही. "नियमात बसतंय," असं म्हणून सेक्रेटरींनी सही घेतली. पण भिंती आणि स्लॅब मोबाइलचं ऐकत नाहीत. वरचे सूर भिंतीला आपटून परत फिरतात. खर्ज तिच्यातूनच निघून जातो. शेजारच्या लग्नातलं गाणं कुठलं ते कळत नाही, पण त्याचा ढोल उशीखाली येऊन वाजतो, तो याचमुळे.

आमच्या खालच्या मजल्यावर अण्णा राहतात. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी भजनी मंडळात तबला वाजवायचे, पुढे सांधे धरले तेव्हा सोडला. गेल्या मार्गशीर्षात माई गेल्या. तेव्हापासून अण्णा वर येणं जवळजवळ बंद झालं होतं. आम्ही खाली जायचो, 'चहा घेणार?' असं ते विचारायचे, आणि चहा कुठल्या डब्यात आहे ते शोधत बसायचे; म्हणून मग आम्ही 'नुकताच झाला' म्हणायला लागलो.

तेच अण्णा सोमवारी सकाळी दारात उभे. कुटुंबाने माझ्याकडे पाहिलं, मी चपलांच्या स्टँडकडे. ती मुकाट्याने चहात साखर जास्त घालायला आत गेली.

"काल रात्री साडेनऊला काय लावलं होतंत हो?" अण्णांनी विचारलं.

"गाणं... जरा जोरात झालं का?"

"गाणं नाही आलं माझ्याकडे. गवई नाही, पेटी नाही, दायाँसुद्धा नाही. नुसता डग्गा आला. झपताल होता ना?"

मी उठून पाहिलं. झपताल होता.

"सोपं आहे," अण्णा म्हणाले. "पहिल्या मात्रेला धीं, मग तिसऱ्या-चौथ्याला. पाच, सहा, सात तुमचा मजला गप्प. पुन्हा आठ आणि नऊ. खालीला डग्गा उचलतात. छत गप्प झालं की समजायचं खाली आली." आणि त्यांनी चहाच्या कपाच्या बाजूला टेबलावर बोटांनी तो ठेका धरला. कित्येक दिवसांनी आम्ही त्यांना एवढं बोलताना पाहिलं. रामन यांनी १९२० साली आपल्या तबल्या-मृदंगावर 'नेचर'मध्ये लिहिलं होतं, की शाईमुळे हे चामडंसुद्धा तारेसारखं सुरात बोलतं. ते मी अण्णांना सांगितलं. "ते दायाँचं," ते म्हणाले. "डग्ग्याची शाई मध्यावर नसते, बाजूला असते. तो सुरात बोलत नाही, तो घुमतो." आणि चहा पुरा घेऊन गेले.

त्याच आठवड्यात बंगळूरहून आणखी एक पुडकं आलं. खालच्यांना त्रास नको म्हणून चिरंजीवांनी रबराचे चार जाड पाय पाठवले होते. सबवूफरचं हादरणं जमिनीत उतरू नये म्हणून ते खाली लावायचे. लावले. आमच्या घरात आवाज उलट स्वच्छ झाला. फरशी हलायची ती थांबली. मावशींनी पायांकडे बघून "आता कसं, बूट घातल्यासारखं," असं प्रशस्तिपत्रही दिलं.

आठ दिवसांनी अण्णा पुन्हा वर आले. या वेळी बसले नाहीत.

"बिघडलं का ते तुमचं?"

"नाही, छान चाललंय. आता खाली काही येत नसेल ना?"

"नाही ना येत," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, दुसरीकडेच बघत म्हणाले, "पावणेनऊ ते साडेनऊ ही वेळ जरा वाईट असते. तेव्हा तिची मालिका असायची. मी ओरडायचो आवाज कमी कर म्हणून. आता सगळंच कमी आहे. तुमचा डग्गा यायचा, तेव्हा मी इकडे टेबलावर दायाँ वाजवायचो. दोन्ही मिळून तबला होत होता."

कुटुंब आतून ऐकत होतं. बाहेर आली आणि मला म्हणाली, "अहो, ते बूट काढा." आणि अण्णांना, "तुमची खुर्ची नेमकी कुठे असते?"

मग जागा पुन्हा एकदा शोधली गेली. या वेळी रॅलेसाहेबांचा नियम दोन मजल्यांत लावावा लागला. अण्णा खाली खुर्चीत बसून फोनवर, मी वर खोकं ढकलतोय. "अजून एक फूट खिडकीकडे. नाही, गेला. मागे घ्या. आता घुमतोय फार, पंखा हलतोय. जरा डावीकडे. हां! राहू द्या." ती जागा निघाली शोकेसपासून दोन फुटांवर. तिथे आमच्याकडे खर्ज किंचित जास्त आहे आणि ताजमहाल पुन्हा कुरकुरतो. त्याच्याखाली आता पोस्टकार्ड आहे.

तक्रार नाही असं नाही. तिसऱ्या मजल्यावर दहावीचा मुलगा आहे, म्हणून वेळ पावणेनऊ ते साडेनऊ अशी बांधून घेतली आहे आणि सेक्रेटरींनी ती तोंडी मंजूर केली आहे. भाद्रपदात तो कोपरा गणपतीचा. पाच दिवस खोकं कपाटामागे जाईल, तेव्हा अण्णांनीच वर येऊन आरतीला बसायचं असं कुटुंबाने परस्पर ठरवून टाकलं आहे. सांधे दुखतात, ही सबब तिने ऐकली नाही. टेबलावर चालतात ते सांधे तबल्यावरही चालतील, असं तिचं म्हणणं.

रोज साडेनऊला खालून फोन येतो. "पहिला एकताल, मग द्रुत तीनताल. बरोबर?" बहुतेक बरोबर असतं. परवा मात्र अण्णा जरा रागात होते.

"आज रूपक लावलात?"

"हो. का, कळला नाही?"

"कळला. चौथी आणि सहावी मात्रा आली म्हणजे रूपकच. पण रूपकाची सम पडते खालीवर. तिथे डग्गा नाहीच, एकटं दायाँ. तुमच्या त्या खोक्याला ती काही पाठवता येत नाही."

"मग?"

"मग काय, माझी मी धरली," अण्णा म्हणाले. "उद्या पुन्हा लावा."